सातविणीची पाने

नवरात्रातले गरबे थांबले, कोजागरीही झाली, की बडोद्यास शरदाची खरी ओळख पटते. धुतलेले आकाश, पहाटेचा किंचित गारवा आणि कोठूनसा येणारा एक उग्रमधुर गंध! गेल्या वर्षापासून आईला जिना उतरवत नाही. म्हणून सकाळच्या फेरीस निघताना मी मोबाइल बरोबर घेतो आणि वाटेत दिसेल ते तिच्यासाठी टिपून आणतो.

गेल्या आठवड्यात असाच दांडिया बाजारातून सयाजीबागेकडे निघालो. शेजारच्या अंगणात पारिजातकाचा सडा पडला होता. बहुतेक फुले उलटी, केशरी देठ वर केलेली. कुंपणाच्या मेंदीत कोळ्याचे जाळे होते आणि दवाने त्याचा धागा न् धागा उजळला होता. १८७९ सालच्या त्या जुन्या बागेत हिरवळीवर धोबी पक्षी शेपटी नाचवीत फिरत होता. हा उत्तरेकडून हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा. पलीकडे विश्वामित्री संथ वाहत होती. २०२४ च्या ऑगस्टात हिचेच पाणी वस्त्यांत शिरले आणि त्याबरोबर मगरीही आल्या, हे खरे वाटू नये इतकी संथ!

परतताना त्या गंधाचा उगम सापडला. रस्त्याकडेची सातवीण हिरवट पांढऱ्या झुबक्यांनी लहडली होती. तिचेही छायाचित्र घेतले.

घरी आई चष्मा लावून एकेक चित्र निरखू लागली. सातविणीपाशी मात्र थबकली.

“अरे, ही सातवीण ना? मग पाने सहाच कशी?”

मी निरुत्तर झालो. याच्या लाकडाच्या पूर्वी शाळेतल्या पाट्या होत, हे मी वाचले होते. वीस वर्षे त्याच झाडाखालून जात होतो. पण पाने कधी मोजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली उभा राहून मोजली. कोठे पाच, कोठे सहा, पुष्कळ ठिकाणी सात आणि एका डहाळीवर चक्क आठ! घरी येऊन हिशेब सादर केला. आई समाधानाने हसली.

“पाय थकले रे माझे, डोळे नाहीत. उद्या बुचाचे झाड बघ. फुले आली असतील, तर देठ केवढा लांब असतो ते मोजून ये.”

आता मोबाइलच्या जोडीला माझ्या खिशात मोजपट्टीही असते.