घसारा न लागणारी गाडी

बी.कॉम.ला घसारा शिकले तेव्हा गाडीची किंमत दरवर्षी उतरते, हे पाठच होतं. नातवाने फेरारी २५० जीटीओबद्दल सांगितलं आणि गणितच उलटं झालं. १९६२ ते ६४ मध्ये इटलीत जेमतेम ३६ गाड्या बनल्या. अमेरिकेत नवी सुमारे १८ हजार डॉलरला मिळे. एक तर टेक्सासमधल्या शाळेला दान गेली, मुलांनी दुरुस्ती शिकावी म्हणून! २०१८ मध्ये त्यांतलीच दुसरी एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. पत्रा तोच. पैसे मोजले ते मूळ इंजिनाचे, धावलेल्या शर्यतींचे, आणि कुणाकुणाच्या हातून आली त्या कागदांचे.

सध्या आमच्याकडे सासूबाईंच्या पाटल्यांची वाटणी चालली आहे. सोनाराने वजन केलं, घट धरली, आकडा सांगितला. याच पाटल्या गहाण ठेवून दुकान उभं राहिलं, ते त्याच्या पावतीत कुठून येणार? धाकटी जाऊ म्हणते, मोडून सारखे वाटे करू. हिशेब तिचा चोख आहे. मी मामंजींची जुनी चोपडी काढली आहे. पाटल्या कधी गहाण पडल्या, कधी सुटल्या, सगळ्या तारखा उतरवून आधी तिलाच वाचायला देणार आहे.