तांबडे निशाण

वडिलांच्या पश्चात त्यांच्या कपाटातून ज्या वस्तू माझ्या वाट्याला आल्या, त्यांत कायद्याच्या दृष्टीने किंमत असलेली एकही नव्हती. जुन्या पंचांगांचा गठ्ठा, शाई वाळलेले एक पेन आणि कातडी आवरणातला एक लहानसा कॅमेरा. वाटणीच्या यादीत त्याचा उल्लेखही कोणी केला नाही. वकील असूनही मी हरकत घेतली नाही. कॅमेरा मुकाट्याने पिशवीत टाकला.

तो ऑलिंपस कंपनीचा ‘ट्रिप 35’. 1967 पासून 1984 पर्यंत ही जात जपानात तयार होत असे. आमच्या काकांनी तो 1979 साली कुवेतहून आणला. नावाप्रमाणे तो प्रवासाला निघालेल्या साध्या माणसासाठी केलेला आहे. भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखे बारीक खड्यांचे कडे असून त्यामागे सेलेनियमचा थर आहे. त्यावर उजेड पडला की इवलासा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि आतला काटा हलतो. म्हणून याला बॅटरी लागत नाही. काट्याच्या सांगण्यावरून कॅमेरा सेकंदाचा दोनशेवा किंवा चाळिसावा भाग, यांपैकी एक वेग निवडतो आणि भिंगाचे छिद्र त्या बेताने उघडतो. अंतरासाठी चार चित्रे : एक मुखडा, दोन माणसे, तीन माणसे आणि डोंगर. एवढे ज्याला कळते त्याला हा कॅमेरा चालवता येतो.

आणि उजेड अपुरा असेल तर? तर तो नकार देतो. बटण दाबावे, तो पाहण्याच्या खिडकीत एक तांबडे निशाण वर येते आणि बटण पुढे जात नाही. इतक्या स्पष्टपणे ‘नाही’ म्हणणारे यंत्र मी दुसरे पाहिले नाही. आमच्या कोर्टातही नकाराला दहा पाने लागतात!

या यंत्राचा अर्धा स्वभाव त्यात घातलेल्या रिळाचा असतो. रिळाच्या डबीवरचा अंक म्हणजे त्याची प्रकाशाविषयीची तहान : अंक दुप्पट, तर उजेड निम्मा पुरे. भिंगाच्या कड्यावर हा अंक 25 ते 400 पर्यंत लावता येतो. तो चुकीचा लावला की काट्याचा हिशेबच चुकतो. माघ-फाल्गुनातल्या स्वच्छ उन्हात तुळशीवृंदावन आणि अंगण टिपायचे तर मी 100 चे रंगीत किंवा इल्फर्डचे 125 चे कृष्णधवल रीळ घेतो. कण बारीक राहतात, चुन्याच्या भिंतीचा पोतही दिसतो. जत्रेच्या सकाळी कोडॅकचे 200 चे ‘गोल्ड’ बरे. त्याच्या रंगांत किंचित ऊब असते. पावसाळ्यात, आंब्याच्या गर्द सावलीत किंवा सभामंडपाच्या खांबांपाशी 400 खेरीज इलाज नाही. मात्र तेच रीळ वैशाखाच्या भर दुपारी पांढऱ्या भिंतीसमोर वापरावे, तर छिद्र 22 वर मिटून, वेग दोनशेवर नेऊनही उजेड थोडा जास्तच होतो. निगेटिव्ह एवढे सोसते. आणि आपल्या दमट हवेत कॅमेरा कातडी आवरणात कोंडून ठेवू नये. भिंगावर बुरशी धरते. मी तो ओल शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवतो.

हे शहाणपण मला उशिरा आले. 1988 च्या त्रिपुरी पौर्णिमेला मी आठ वर्षांचा होतो. देवळापुढचा दीपस्तंभ पणत्यांनी उजळला होता. आजी पायाशी बसून शेवटच्या पणतीत वात घालत होती. तिने आयुष्यात एकदाही फोटोला मान दिली नव्हती. त्या रात्री मात्र वडिलांनी विचारले, तेव्हा ती हसून ‘काढ’ म्हणाली. वडिलांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तांबडे निशाण. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा तेच. शेवटी कॅमेरा खाली घेत ते म्हणाले, ‘‘देवाक नाका आसतलें.’’ पुढची पौर्णिमा आजीने पाहिली नाही. तिचा एकही फोटो आमच्या घरी नाही.

वडील गेल्यावर, कॅमेऱ्याशी खेळता खेळता मला कळले की तो नकार अंतिम नव्हता. छिद्राचे कडे ‘ए’ या अक्षरावरून काढून 2.8 वर आणले की निशाण वर येत नाही. चाळिसाव्या भागाच्या वेगाने बटण चालते. म्हणजे अपिलाची तरतूद होती. पक्षकाराला ती ठाऊक नव्हती. ती रात्र मला बोचू लागली. पण न्यायाने बोलायचे तर कड्याचे ज्ञान एकटे पुरले नसते. त्यांच्या कॅमेऱ्यात 100 चे रीळ होते. त्यावर पणत्यांच्या ज्योती उमटल्या असत्या; आजीचा चेहरा बहुधा काळोखातच राहिला असता.

गेल्या त्रिपुरीला मी इल्फर्डचे 400 चे ‘एच. पी. 5 प्लस’ रीळ भरले, कडे 2.8 वर आणले, कॅमेरा ओट्याच्या कठड्याला टेकवून श्वास रोखला आणि त्याच दीपस्तंभापाशी आईचा फोटो घेतला. रीळ धुताना ते 1600 चे समजून जास्त वेळ धुवावे, असे बजावून पाठवले. फोटो आला. कण वाळूसारखे जाड, सावल्या काळ्याभोर. पण पणतीवर झुकलेला चेहरा ओळखू येतो.

तो आईच्या हाती देताना मी कड्याची सारी हकीकत सांगितली आणि म्हणालो, ‘‘बाबांना एवढे कोणी सांगितले असते तर!’’

आई बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘फोटो निघाला असता तर ते दुसरा काढायला गेले असते. निघाला नाही म्हणून कॅमेरा ठेवून तुझ्या आजीजवळ बसले. वारा सुटला होता. दोघे मिळून विझलेल्या पणत्या पुन्हा लावीत होते, पार शेवटपर्यंत. तू झोपला होतास.’’

हा बचाव पुराव्याच्या कसोटीवर किती टिकेल, हे मी सांगू शकत नाही. साक्षीदार एकच आणि तीही आप्त. परंतु उलटतपासणी घेण्याची मला इच्छा झाली नाही. कॅमेऱ्यात अजून काही फोटोंपुरते रीळ शिल्लक आहे. कडे मी पुन्हा ‘ए’ वर नेऊन ठेवले आहे. कुठे तांबडे निशाण आलेच, तर यंत्रावर मात करायची की कॅमेरा बाजूला ठेवून जवळ जाऊन बसायचे, हे त्या त्या वेळी ठरवीन.