अकरा महिन्यांचं घर

दादरचा नाद सोडून घरं बघत बघत डोंबिवलीपर्यंत आलेय. भाडं परवडेल, पण डिपॉझिट आणि महिन्याभराची दलाली एकदम द्यायची म्हणजे आईच्या एफडीला हात लावणं आलं. एजंट म्हणाला, ‘ताई, अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटला रजिस्ट्रेशन लागत नाही.’ लागतं! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी मालकाची. हे ऐकल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मालकांनी मात्र पगाराच्या आधी विचारलं, ‘लग्न झालंय का? नॉनव्हेज करता?’ याला कुठलं कलम लावायचं? सुरमई काही मी सोडणार नाही. उद्या ठाकुर्लीचा वन आरके बघायचाय. पाणी दोन वेळा येतं म्हणे.