अंगणातला अशोक

अशोक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कुंपणालगत सरळसोट वाढलेला, लांबट नागमोडी पानांचा वृक्ष येतो. तो आसुपालव, अशोक नव्हे. अष्टप्रातिहार्यांतील ज्या अशोकवृक्षाचे वर्णन भक्तामर स्तोत्राच्या 28व्या श्लोकात येते, ते नाव धारण करणारा खरा वृक्ष म्हणजे केशरी-तांबड्या फुलांचा सीतेचा अशोक. पुष्कळ मंदिरांच्या आवारातही हा घोटाळा आढळतो, हे खेदाने म्हणावे लागते.

बार्शीतील एका आडत व्यापाऱ्याच्या निधनानंतर त्यांच्या वृद्ध पत्नीने हाच अशोक अंगणात लावायचे ठरविले. चातुर्मासात माती खणणे नको, म्हणून खड्डा वैशाखातच करून ठेवला आणि ज्येष्ठाच्या पहिल्या पावसात रोप लावले.

परंतु हा वृक्ष मूळचा सह्याद्रीच्या ओलसर, सावलीच्या दऱ्यांतला. पहिल्याच उन्हाळ्यात पानांच्या कडा करपल्या. दोन वर्षांत रोप वीतभरही वाढले नाही. धाकट्या मुलाने ते काढून तेथे आसुपालवाची रांग लावावी, निदान आडोसा तरी होईल, असे सुचविले. न खपणाऱ्या मालाला गोदामात जागा किती दिवस द्यायची, हा व्यापारी घरातला प्रश्न अगदीच गैर म्हणता येत नाही. आजी काही बोलल्या नाहीत; त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवल्याही नाहीत.

थोरल्या सूनबाईंनी बुंध्याजवळची माती हलकेच उकरून पाहिली. मायेपोटी वरचेवर भर घातल्याने खोडाचा चार बोटे भाग मातीखाली गेला होता. त्यातच रोज खोडाशी तांब्याभर पाणी! साल कुजू लागली होती. त्यांनी मुळांचा माथा मोकळा केला. पाणी आठवड्यातून दोनदाच, पण खोलवर मुरेल इतके आणि खोडापासून हातभर दूर देऊ लागल्या. भोवती वाळक्या पानांचे आच्छादन घातले, पश्चिमेच्या उन्हाला गोणपाट बांधले. रासायनिक खत मुळीच दिले नाही. त्याने नुसती पानेच माजतात. नवे झाड आधी जमिनीखाली पसरते, हे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

पुढच्या पावसाळ्यात तांबूस, लोंबती पालवी फुटली. शेजाऱ्यांना ती सुकलेलीच वाटली. अशोकाची कोवळी पाने तशीच असतात. फुलासाठी आणखी चार वर्षे गेली. अशोक जून लाकडावरही फुलतो, म्हणून या काळात आजींनी एकही फांदी छाटू दिली नाही.

गेल्या फाल्गुनात सारे शेंड्याकडे पाहत असताना पहिला गुच्छ थेट खोडावर, गुडघ्याच्या उंचीला आला. झाडलोट करणाऱ्या बाईंना तो प्रथम दिसला. या फुलाला पाकळ्या नसतात. रंग असतो तो पुष्पकोशाला, आधी पिवळसर केशरी, मग तांबडा. धाकटा मुलगा मंदिरात नेण्यासाठी तो कापायला कात्री घेऊन आला. आजींनी कात्री परत ठेवायला सांगितली आणि झाडाखाली धुतलेले पांढरे वस्त्र अंथरले.

"आपोआप गळेल तेवढेच ने," त्या म्हणाल्या.