तालमीचा फुटबॉल आणि बेणे मळा

पाऊस लागून राहिलाय, वाफसा नाही, त्यामुळं आज शेताची नोंद नाही. फुटबॉलचं लिहितो.

गावातल्या एकानं परवा विचारलं, पोरगं बारा वर्षांचं, डाव्या पायानं असं मारतंय की बघत राहावं. पुण्याला हॉस्टेलला घालू का? आई नको म्हणते. त्याला मी अनिकेत जाधवचं सांगितलं.

अनिकेत आपल्या कोल्हापूरचाच, जन्म २००० चा. वडील रिक्षावाले. लहान वयातच पुण्याला क्रीडा प्रबोधिनीत गेला. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्यात देशाकडून पुढच्या फळीत होता. अमेरिकेनं ३-०, कोलंबियानं २-१, घानानं ४-० हरवलं. पण त्याच पोरांना घेऊन फेडरेशननं इंडियन ॲरोज संघ आय-लीगमध्ये उतरवला. २०१८ ला स्पेनमध्ये आपल्या वीस वर्षांखालच्या संघानं अर्जेंटिनाला २-१ हरवलं. त्या सामन्यात अनिकेतला लाल कार्ड मिळालं, उरलेल्या दहा जणांनी सामना काढला! पुढं जमशेदपूर, मग हैदराबाद. २०२१-२२ ला हैदराबादनं आयएसएल जिंकली, तेव्हा हा त्या संघात होता.

आता प्रश्न असा, की शाहू स्टेडियमवर एवढी गर्दी असताना पोराला पुण्याला का जावं लागलं? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, पेठापेठांत ईर्षा आहे. पण तालमीचा फुटबॉल म्हणजे कारखान्याला जाणारा ऊस. याच सीझनला वजन पाहिजे. म्हणून बाहेरचे, अगदी परदेशी खेळाडूसुद्धा आणतात. बारा वर्षांच्या पोरासाठी सहा वर्षं कोण थांबणार? बेणे मळा वेगळा ठेवावा लागतो हे आपल्याला माहीत आहे. नऊ-दहा महिन्यांचं, निरोगी, त्यासाठीच राखलेलं बेणं. कारखान्याच्या उसातलं कांडं तोडून लावलं तरी उगवतं, पण उतारा येत नाही. एवढ्या तालमी आहेत, त्यांनी मिळून एक बेणे मळा करायला काय हरकत आहे? पैसा नाही असं म्हणू नका, बक्षिसं बघा किती लागतात.

पण लागणीत चार डोळे फुकट गेले तर आपण नांग्या भरतो. इथं पोरगं एकच असतं. आईचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही.

म्हणून बापाला म्हटलं, आधी एकटा जाऊन ये. शाळा दहावीपर्यंत नीट चालते का, गुडघा गेला तर इलाज कोण करणार, पोराला घरी कधी सोडतात, एवढं विचार. जेवण त्यांच्याबरोबर बसून जेव. सोमवारच्या एसटीनं जाणार आहे. कुणाचं पोरगं तिथं राहून आलं असेल तर त्याआधी कळवा, त्याला सांगतो.