समरकंदची वसंतफेरी

समरकंदास जावयाचे तर वसंतात जावे. आपल्याकडे चैत्राचे ऊन तापू लागते, तेव्हा तेथे तुतीला नुकती पालवी फुटलेली असते व जर्दाळूचा अखेरचा बहर वाऱ्यावर गळत असतो. आम्ही पोहोचलो तेव्हा 21 मार्चचा नवरोज सरून थोडेच दिवस झाले होते. मोड आलेले गहू रात्रभर आटवून केलेली ‘सुमलक’ नावाची लापशी आम्हांस चाखावयास मिळाली. साखरेवाचूनच ती गोड लागते.

प्रथम आम्ही गुर-अमीर पाहिले. 1398 साली दिल्ली लुटणाऱ्या तैमूरलंगाचे हे थडगे. त्यावर काळपट हिरव्या दगडाची शिळा आहे, आणि पायथ्याशी त्याचा नातू उलुग बेग निजला आहे. 1941 साली सोव्हिएत संशोधकांनी ही थडगी उघडली, तेव्हा आजोबाच्या पायाचे व्यंग खरे ठरले आणि नातवाचे शिर धडावेगळे झालेले आढळले. हा नातू राजा खरा, पण त्याचे चित्त आकाशात. 1449 मध्ये तो हजयात्रेस निघाला असता पोटच्या मुलानेच त्याचा वध करविला. तो मुलगाही वर्षाच्या आत मारला गेला.

तेथून रेगिस्तान चौक जवळच. तीन मदरशांपैकी उलुग बेगाचा सर्वांत जुना, 1417 ते 1420 मधील. त्याच्या दर्शनी कमानीवर निळ्या तारकांची नक्षी आहे. समोरच्या शेर-दोरवर हरिणामागे धावणारे वाघ व त्यांच्या पाठीवर मानवी मुखाचा सूर्य पाहून मौज वाटते. बीबी खानम मशिदीचे दगड हिंदुस्थानातून नेलेल्या हत्तींनी वाहिले, हे कळल्यावर मात आमचे मन तिच्या सौंदर्यात फारसे रमले नाही.

शेजारच्या सियाब बाजारात निरामिष माणसाने गोल, जाड नान, दही व सुकामेवा यांवर निभवावे. हिरव्या पालेभाजीचा वसंतातला समोसाही मिळतो. पण त्यात पुष्कळदा चरबी असते, तेव्हा विचारून घ्यावे.

पुढे चंगीझखानाने 1220 साली उद्ध्वस्त केलेल्या जुन्या नगराची, अफ्रासियाबची, टेकाडे लागतात. त्यांवर गवत दाटले होते व मधूनमधून तांबडी खसखशीची फुले डोलत होती. त्यांच्या पलीकडे, रेगिस्तानपासून दोन-अडीच मैलांवर, एका टेकडीवर उलुग बेगाची वेधशाळा. बाबराने ती पाहिली तेव्हा ती तीन मजली होती. पुढे ती इतकी लोपली की तिची जागाही कोणास ठाऊक राहिली नाही. 1908 साली व्यात्किन नामक रशियन संशोधकाने जुन्या दानपत्राच्या आधारे ती शोधून काढली.

आज उरला आहे तो खडकात खोल कोरलेला वक्र खंदक. सुमारे 40 मीटर त्रिज्येच्या प्रचंड वेधयंत्राचा हा खालचा भाग. दोन समांतर संगमरवरी कडा उतरत अंधारात जातात. त्यांवर अंशांच्या खुणा आहेत. मध्यान्हीच्या सूर्याचे बिंब त्यांवर पाडून वर्षाचे मान मोजीत. दुर्बिणीवाचून येथे 1018 ताऱ्यांची स्थाने नोंदली गेली. राजाच्या वधानंतर त्याचा सहकारी अली कुश्जी पश्चिमेकडे गेला, व ती कोष्टके हस्तलिखितांतून दूरवर पोहोचली. 1665 साली ताऱ्यांची यादी ऑक्सफर्डला छापली गेली. सवाई जयसिंहानेही आपल्या ग्रंथासाठी तिचाच आधार घेतला. उज्जयिनीचे यंत्रमहाल पाहिलेल्या वाचकांस हा खंदक परका वाटू नये. आत उतरू देत नाहीत. कठड्याशी उभे राहून त्या संगमरवरावरील अंशांच्या रेघा, दिसतील तेवढ्या, आम्ही मोजीत होतो.