माकेगावची ठेव

लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुक्यात माकेगाव हे लहानसे खेडे आहे. तेथील गरीब शेतकरी कुटुंबात १९५७ साली जन्मलेले डॉ. तात्याराव लहाने औरंगाबादला शिकून नेत्रशल्यविशारद झाले. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील सेवेनंतर ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले.

ऐन उमेदीत त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. १९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून अशा रुग्णास आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात, आणि त्याच औषधांनी रोगप्रतिकारशक्ती उणावते. त्याने गर्दी टाळावी, संसर्गापासून जपावे, हा वैद्यकाचा दंडक. व्यवहारी माणूस अशी ठेव तिजोरीत ठेवील. डॉक्टर ती घेऊन नेत्रशिबिरांच्या गर्दीत शिरले.

पूर्वी मोतीबिंदू काढताना डोळ्याला मोठा छेद द्यावा लागे, टाके पडत आणि पुढे कित्येक आठवडे ओझे उचलण्यास मनाई असे. नांदेड-लातूरच्या आडत बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाने तेवढे दिवस खायचे काय? फेको पद्धतीत सुमारे ३ मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेतात आणि घडीचे कृत्रिम भिंग आत सरकवतात. टाका लागत नाही. यंत्र मात्र महागडे, म्हणून ही सोय बराच काळ सधनांचीच राहिली. डॉ. लहाने यांनी ती सरकारी रुग्णालयातील गरिबापर्यंत नेली. त्यांच्या शस्त्रक्रियांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली.

व्यापारी कुटुंबांना नेत्रशिबिर नवे नाही. मंडप, भोजन, काळे चष्मे, समारोपाला शस्त्रक्रियांचा आकडा, सारे ओळखीचे. महिन्याभराने त्यांतील किती जणांना नीट दिसते, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

बाबा आमटे यांच्या आनंदवनात डॉ. लहाने यांनी कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. या रोगात बोटांची संवेदना जाते. चुलीवरचे भांडे तापले आहे की गार, हे हाताला कळत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते. डोळेही गेले की स्वतःचा हात भाजतो आहे हेदेखील त्याला उमगत नाही. पुष्कळांनी शिवण्याचेही टाळलेल्या या माणसांच्या डोळ्यांवर, आईच्या मूत्रपिंडावर जगणारा हा शल्यविशारद तासन्‌तास वाकून काम करीत राहिला.